एरर न वाचता ‘अनइन्स्टॉल कर’ सांगणं बंद करा

रात्रपाळी : कुणीतरी विचारलं, मायएसक्यूएल (डेटाबेसचा सर्व्हर) कनेक्ट होत नाही, काय करू? त्यावर उत्तर : ‘फायरवॉल बंद कर, सगळं उडवून पुन्हा टाक.’ वाचून डोकं फिरलं. अहो, आधी एररचा नंबर विचारा! २००३ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही; सर्व्हिस (म्हणजे मागे चालणारा सर्व्हर) बंद किंवा पोर्ट (तो ज्या नंबरवर ऐकतो तो) चुकीचा. १०४५ असेल तर सर्व्हर चालू आहे, फक्त आत घेत नाही. त्याच ओळीच्या शेवटी ‘यूझिंग पासवर्ड : नो’ दिसलं, तर पासवर्ड गेलेलाच नाही. यात फायरवॉल आली कुठून?

साधा_सरळ : तो सल्ला माझाच. उद्या सबमिशन असलेल्या पोराने नंबर पाठ करत बसायचं का? पुन्हा टाकलं की अर्ध्या तासात चालू होतं. कितीदा केलंय मी.

लॅबवाली : आणि डेटा? माझ्या एका विद्यार्थिनीने असंच ऐकून झॅम्पचं (मायएसक्यूएल आणि वेबसाइटची पीएचपी भाषा एकत्र देणारं पॅकेज) आख्खं फोल्डर डिलीट केलं. डेटा त्याच्याच आत असतो. वर्षाचा प्रोजेक्ट गेला, पोरगी लॅबच्या पायरीवर बसून रडत होती. दुखणं केवढं, तर आधी टाकलेलं दुसरं मायएसक्यूएल ३३०६ हा नेहमीचा पोर्ट अडवून बसलेलं. ‘नेटस्टॅट -एएनओ’ ही कमांड मारली असती तर शेवटच्या रकान्यात पीआयडी, म्हणजे पोर्ट अडवणाऱ्या प्रोग्रॅमचा नंबर, दिसला असता.

साधा_सरळ : मग हे तुम्ही तिला का नाही शिकवलंत? कॉलेजात नॉर्मलायझेशनच्या (डेटाबेसची टेबलं नीट विभागण्याच्या) व्याख्या घोकून घेतात, सर्व्हिस चालू-बंद करणं कुणी दाखवत नाही.

लॅबवाली : कशावर दाखवू? वीस मशीन, साठ मुलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आम्हालाच देत नाहीत, सर्व्हिस बंद करायला गेलं की परवानगी नाही. तीनदा अर्ज दिलाय. एकदा येऊन प्रॅक्टिकल घ्या, मग बोला.

पेंग्विन : लॅबचं राहू द्या. लिनक्सवर सर्व्हरच्या पत्त्यात लोकलहोस्ट लिहिलं की क्लायंट (जोडू पाहणारा प्रोग्रॅम) सॉकेट फाइलने, म्हणजे त्याच मशीनवरच्या एका खास फाइलने जातो, १२७.०.०.१ लिहिलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने. मी यात दोन रात्री घालवल्या. पुन्हा टाकूनही तेच झालं, कारण पीएचपीत सॉकेटचा पत्ताच जुना होता.

रात्रपाळी : हेच म्हणतोय मी! मूळ कारण तसंच राहतं.

साधा_सरळ : बरं. आधी सर्व्हर थांबवून डेटा फोल्डरची कॉपी काढ, हे सांगायला हवं होतं. तेवढं मान्य. फायरवॉलचंही सोडतो, त्याच मशीनवर ती सहसा आडवी येत नाही. पण कॉलेजबद्दल बोललो त्यातला शब्दही मागे घेणार नाही.

लॅबवाली : नका घेऊ. तो पासवर्ड मिळवून द्या.