प्रतिसाद: अनुदान की खिरापत?

'खासगी रॉकेट कंपन्यांना सरकारी पैसा म्हणजे नुसती खिरापत' हे मत मला पटत नाही. पैसा कसा दिला जातो, यावर सगळं अवलंबून आहे. नासाने २००६ साली कॉट्स योजनेत (खासगी कंपन्यांकडून अवकाश स्थानकाकडे माल नेणारी यानं विकसित करून घेण्याची योजना) स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर या कंपन्यांना निवडलं, तेव्हा पद्धत साधी होती: ठरलेला टप्पा गाठा, मग ठरलेली रक्कम घ्या. आराखड्याची तपासणी, इंजिनाची चाचणी, इतकंच काय, बाहेरून भांडवल उभारणं हासुद्धा एक टप्पा. किस्लरला ते भांडवल जमलं नाही. २००७ मध्ये नासाने करार थांबवला आणि उरलेल्या पैशातून पुढच्या वर्षी ऑर्बिटल सायन्सेस या दुसऱ्या कंपनीला घेतलं.

मात्र अनुदानापेक्षा मोठा आधार गिऱ्हाइकाचा, असं मला ठामपणे वाटतं. स्पेसएक्सच्या फाल्कन-१ रॉकेटची पहिली तीन उड्डाणं फसली, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये जमलं. त्याच डिसेंबरात स्पेसएक्सला नासाकडून अवकाश स्थानकाकडे बारा मालफेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं. त्याशिवाय कंपनी तगली असती का, मला शंका आहे. म्हणून अनुदान जाहीर करणाऱ्या कुठल्याही सरकारला मी आधी हेच विचारेन: रॉकेट उडालं, तर त्यावर तुमचा कोणता उपग्रह चढवणार?