मदत हवी आहे: बंपर साडेबारा हजारांचा, कस्टम्स तेरा हजार?

जुनी_ऑक्टाव्हिया
माझ्या २००५ च्या ऑक्टाव्हियासाठी इंग्लंडहून पुढचा बंपर मागवलाय. इथे शोरूमवाले म्हणतात पार्ट बंद झाला. फायबरचा लोकल लावून पाहिला, तर हेडलाइटखाली बोट जाईल एवढी फट. आज कुरिअरवाल्यांचा मेल आला: १३,१५४ रुपये भरा नाहीतर माल परत पाठवू. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. बंपरच १२,५०० चा! हे बरोबर आहे का? लवकर सांगा.

नाशिककर
कुरिअरचे किती दिले? ते सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

मीनल_के
विक्रेत्याला सांगून 'गिफ्ट' लिहून मागवायचं होतं ना. आमच्या वहिनी लंडनहून तसंच पाठवायच्या.

खडूस_काका
गिफ्टची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. आता राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. बंपरला राखी बांधून पाठवा हवं तर.

जुनी_ऑक्टाव्हिया
कुरिअरचे १९,००० झाले. खोकं पावणेदोन मीटर लांब, म्हणून आकारमानावर वजन धरलं. पण भाड्यावर कसला टॅक्स?

सीएचए_मुंबई
ड्यूटी नुसत्या किमतीवर नसते; किंमत अधिक भाडं अधिक विमा, त्यावर असते. बंपर कस्टम्सच्या यादीत ८७०८ मध्ये, म्हणजे गाडीच्या पार्ट्समध्ये येतो. बेसिक ड्यूटी १५ टक्के, त्या ड्यूटीवर १० टक्के सरचार्ज, आणि मूल्यासकट या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. एकूण ३७.४७ टक्के. १२,५०० + १९,००० + विमा १.१२५ टक्क्याने १४१ = ३१,६४१. त्यावर ११,८५६. उरलेले १,२९८ म्हणजे कुरिअरची फी ११०० आणि तिच्यावर जीएसटी. हिशोब जुळला.

पण एक चूक आहे. विमानाने आलेल्या मालाचं भाडं कस्टम्सच्या मूल्यात किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे १९,००० नाही, फक्त २,५००. मूल्य होतं १५,१४१ आणि ड्यूटी सुमारे ५,६७३. कुरिअरला लेखी कळवा, 'व्हॅल्युएशन रूल १०(२) लावा' एवढंच लिहा. पावतीवर किंमत आणि भाडं वेगवेगळं दाखवलेलं हवं.

खडूस_काका
आयजीएसटी २८ टक्के आहे. माझ्या ब्रेक पॅडवर तसाच लागला होता.

सीएचए_मुंबई
कधी मागवले होते काका? २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवर १८ झालाय.

खडूस_काका
२०२३ मध्ये. ठीक आहे, तुमचं खरं. तरी सांगतो, वीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करू नका. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. मी माझी सँट्रो स्क्रॅपला दिली, आता रिक्षाने फिरतो, आनंदात.

मीनल_के
रिक्षा मीटरने येतात का हो तुमच्याकडे?

नाशिककर
धागा भरकटतोय. धागाकर्ते, बंपर नवा आहे की जुना? पार्ट बंद झालाय म्हणता, मग तिकडे नवा कसा मिळाला?

जुनी_ऑक्टाव्हिया
जुनाच. भंगारातल्या गाडीवरून काढलेला, पण एकही ओरखडा नाही. मेलमध्ये खाली 'मालाची स्थिती कळवा' असंही विचारलंय. ते महत्त्वाचं वाटलं नाही.

सीएचए_मुंबई
अहो, हे आधी सांगायचं! वापरलेले पार्ट्स आयातीत 'रिस्ट्रिक्टेड' आहेत, डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याचा) परवाना लागतो. मग प्रश्न फक्त ५,६७३ चा राहत नाही. माल जप्त होऊ शकतो. सोडवायचा तर कस्टम्स कायद्याच्या कलम १२५ खाली दंड भरून, वर कलम ११२ ची पेनल्टी. किंवा परत पाठवण्याची परवानगी मागायची. पावतीवर काय लिहिलंय?

जुनी_ऑक्टाव्हिया
'यूज्ड'. मोठ्या अक्षरात.

मीनल_के
मग नवा म्हणून सांगून टाका.

सीएचए_मुंबई
अजिबात नको. खोटं डिक्लेरेशन केलं तर दंड आणखी वाढेल. खरं काय ते कळवा, आणि पैसे भरण्याआधी कुरिअरच्या क्लिअरन्स डेस्कला फोन करून दंडाचा अंदाज घ्या. १२,५०० च्या वर जात असेल तर विक्रेत्याशी बोला, परत घेतो का बघा.

जुनी_ऑक्टाव्हिया
फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग लाइन कट. उद्या सकाळी परत करतो.

कोल्हापूरची_बुलेट
मला थायलंडहून सायलेन्सर मागवायचाय, त्याला पण हेच लागतं का?