‘लोकल लेट होती’ हे कारण लेट मार्क पुसायला पुरेसं आहे का? पाच जणांची मतं, प्रत्येकाच्या टोपणनावाखाली.

हजेरीखातं

मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांत उशिराचं पहिलं कारण लोकल असतं. माझं म्हणणं असं की रोज पाच-दहा मिनिटं रखडणारी गाडी हे कारण होऊ शकत नाही, तो प्रवासाचाच भाग आहे. साडेनऊची हजेरी असताना सीएसएमटीला ९:१५ ला पोचणारी गाडी धरायची, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरच वेळेवर. हिशेब शेवटाकडून मांडायला हवा. जागेवर ९:३० ला बसायचं तर इमारतीच्या दारात ९:२२ ला असायला हवं, कारण लिफ्टला रांग असते. दहा मिनिटांची चाल आणि फलाटावरून पुलावर चढायला गर्दीत पाच मिनिटं धरली, तर गाडीतून ९:०७ ला उतरायला हवं. रोजच्या रखडपट्टीची दहा मिनिटं वजा केली की वेळापत्रकात ८:५७ च्या आत पोचणारी गाडी धरावी लागते. हे गणित न करता रोज ९:४० ला येणाऱ्याला मी सूट देणार नाही.

रोजची दहा मिनिटं ग्रेस द्यायलाही माझा विरोध आहे. महिन्याभरात ९:४० हीच हजेरीची वेळ होऊन बसते आणि ९:४३ ला येणारा म्हणतो, तीनच मिनिटं तर झाली. त्यापेक्षा महिन्याला एकूण ६० मिनिटं द्या, लागतील तशी वापरू देत. संपली की लेट मार्क.

ओव्हरहेड वायर तुटली, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं, तर गोष्ट वेगळी. त्या मार्गावरचे बाकीचे कर्मचारी किती वाजता पोचले एवढं बघितलं की खरं-खोटं दोन मिनिटांत कळतं.

कल्याणपुढचा

हे गणित ठाण्यापर्यंत बरोबर आहे. तिथे आधीची गाडी म्हणजे चार-पाच मिनिटं आधीची. कल्याण ओलांडलं की दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. कसारा सीएसएमटीपासून १२० किलोमीटर, कर्जत १००. कसाऱ्याच्या फाट्यावर येण्या-जाण्याचा एकेकच रूळ, आणि त्याच रुळावर नाशिककडून आलेल्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या. मेलला वाट द्यायची म्हणून लोकल थांबवली की तो उशीर पुढे भरून निघत नाही. उलट गाडी आपल्या ठरलेल्या वेळेला नसल्यामुळे कल्याणनंतर तिला दुसऱ्या गाड्यांच्या मागे घुसावं लागतं. इकडची दहा मिनिटं दादरला वीस होतात ते असे.

तिकडे आधीची गाडी म्हणजे अर्धा-पाऊण तास आधी घर सोडणं. मुलांची शाळेची बस सात-सव्वासातला येते, पाळणाघर आठच्या आधी उघडत नाही. या अर्ध्या तासाची किंमत कचेरी देत नाही, ती घरातली बाई देते. मेल-एक्सप्रेस लोकलच्या वाटेतून बाजूला काढणारी ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, पण कुर्ला ते सीएसएमटी हा टप्पा रखडलेलाच आहे, त्यामुळे शेवटच्या पट्ट्यातली कोंडी तशीच.

आणि ९ जून २०२५ विसरू नका. मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, जीव गेले. सकाळची गर्दीची वेळ होती. लेट मार्कच्या धास्तीने माणूस भरलेली गाडी सोडत नाही. गाडी सोडून पुढच्या गाडीने आलेल्याला शिक्षा होत असेल, तर तो नियम चुकीचा आहे असं मी ठामपणे म्हणतो.

पगारपत्रक

दोघेही वेळेबद्दल बोलताहेत. मला कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे सर्रास बेकायदा प्रकार चालतात. वेतन प्रदान अधिनियम १९३६ मध्ये नियम सरळ होता: जितका वेळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात कपात. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. ६०० रुपये रोज आणि आठ तासांची पाळी असेल तर १५ मिनिटांची मजुरी होते १८ रुपये ७५ पैसे. ‘पंधरा मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट’ म्हणून ३०० रुपये कापणं या तत्त्वात बसत नाही. त्याला दंड म्हणायचं असेल, तर दंडाचे नियम वेगळे आहेत: कोणत्या कसुरीला दंड ते आधी जाहीर केलेलं हवं, माणसाला म्हणणं मांडू द्यायला हवं, आणि एका महिन्यातला एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. २६ दिवसांचे १५,६०० रुपये धरले तर महिन्याची कमाल ४६८ रुपये.

‘तीन लेट मार्क, एक रजा’ ही पद्धत पगाराला हात लावत नाही म्हणून निरुपद्रवी वाटते. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला किरकोळ रजा आठच, त्याही तिमाहीने जमा होणाऱ्या. तिमाहीला दोन. सहा लेट मार्क झाले की मूल आजारी पडलं तरी रजा शिल्लक नाही. मग माणूस न सांगता दांडी मारतो, आणि कचेरीला दहा मिनिटांऐवजी अख्खा दिवस गमवावा लागतो.

हजेरीखातं

कपातीचं मान्य, अर्धा दिवस कापणं मलाही पटत नाही. पण रजेतून वळती करणं सगळीकडे जुलमाचं नसतं. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत उशिराला अर्धी किरकोळ रजा जाते, पण तासाभरापर्यंतचा उशीर सबळ कारण असेल तर महिन्यातून दोनदा माफ करायचा अधिकार वरिष्ठांना आहे. असा दरवाजा ठेवून नियम करता येतो. आणि कल्याणपुढचे, तुमच्या फाट्यावरच्या माणसाला दहा वाजताची हजेरी लेखी ठरवून द्यावी, सुट्टी तितकीच उशिरा. नऊ तीसची सही करून रोज दहाला येणं मात्र मी सोडणार नाही. राज्य शासनाच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे, वेळ ९:४५ ते ६:१५. पहाटेची एसटी धरून आलेला माणूस दाखल्यासाठी बंद खिडकीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला लोकलचं कारण सांगून काय उपयोग?

वॉर्ड ड्यूटी

रुग्णालयात कारण खरं की खोटं याला फार अर्थ नाही. कधी कळवलं याला आहे. सकाळची पाळी आठला सुरू होते आणि रात्रीच्या सिस्टर ओव्हर देऊन, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवून, सुटतात. तीस खाटांच्या वॉर्डात हे नीट करायचं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कुणाचं सलाईन किती वेगाने चालू आहे, इन्सुलिन दिलं की जेवण आल्यावर द्यायचं, लघवीचं माप, कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय. शिवाय मॉर्फिनसारख्या औषधांच्या कुप्या दोघींनी मोजून सह्या करायच्या. घेणारी साडेआठला आली की हे सगळं पाच मिनिटांत उरकलं जातं, आणि एखादा डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. बारा तास उभी असलेली बाई हे सांगत असते, तिला आणखी थांबवून तिची चूक होणार नाही अशी आशा धरणं बरोबर नाही.

म्हणून सात वाजता गाडी अडकल्याचा फोन आला तर इन्चार्ज दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर हलवू शकते. आठ दहाला आलेल्या फोनवर काहीच करता येत नाही. माझ्या मते लेट मार्क याच फरकावर ठरावा.

गेटवरचा

कारखान्याकडून दोन गोष्टी. पहिली यंत्राची. पाळीला ३०० माणसं, बोटाच्या ठशाची दोन यंत्रं, प्रत्येकाला सरासरी पाच सेकंद धरले तर शेवटच्याचा ठसा साडेबारा मिनिटांनी उमटतो. सिमेंट, केमिकल, ग्राइंडिंगवाल्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांना तीन-तीनदा बोट ठेवावं लागतं. गेटवर वेळेत आलेला माणूस कागदावर उशिरा ठरतो. उपाय: फाटकावर कार्डचा रीडर लावा आणि हजेरी तिथली धरा, किंवा दर शंभर माणसांमागे एक यंत्र द्या.

दुसरी अडकून पडलेल्या माणसाची. असेंब्ली लाइनवर एक जागा रिकामी असेल तर पट्टा सुरू होत नाही, म्हणून आधीच्या पाळीचा कामगार तिथे थांबवला जातो. उशिरा येणाऱ्याच्या १५ मिनिटांवर इथे एवढी चर्चा झाली, पण थांबलेल्याची १५ मिनिटं बहुतेक ठिकाणी कुठल्याच वहीत चढत नाहीत. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर गेलेला वेळ ओव्हरटाइम होता आणि त्याचा दर दुप्पट होता; त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही ओव्हरटाइमचा दर दुप्पटच आहे. सुपरवायझरने ‘थांबवलं’ असा वेगळा रकाना आखून त्यात नाव, मिनिटं आणि कोणाच्या जागी हे त्याच वेळी लिहावं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं पगाराच्या वेळी कोणी मानत नाही.