काटा नसताना बोकडाचं वजन कसं काढायचं?

प्रश्न: व्यापारी नजरेनं वजन सांगतो. टेपनं काढता येतं का? शिवाय खुराक वाढवला की बोकड हगतात.

उत्तर १: येतं. बोकड सरळ उभा करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर × घेर × लांबी भागिले १०,८४०. घेर ७० सेंटिमीटर, लांबी ६५, तर साधारण २९ किलो. टेप सैल राहिला की आकडा फुगतो. घेर दोनदा गुणला जातो ना! सकाळी उपाशीपोटीच मोजा.

उत्तर २: दादा, धान्य एकदम वाढवलं की पोटात आम्ल होतं. दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅमच वाढवा, आधी वाळली वैरण.

उत्तर ३: खालची पापणी आतून पांढरट असेल तर जंत बघा. औषध दिल्यावर बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस भरल्याशिवाय विकू नका.