गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव नेमके काय सांगते?

जिज्ञासू वडगावकर:

आमचे आडनाव वडगावकर आहे. पणजोबांच्या वेळची जी थोडी कागदपत्रे घरात उरली आहेत, त्यांत मात्र आडनाव कुलकर्णी असे आढळते आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून पुढे सर्वत्र वडगावकर. वडगाव हेच आमचे मूळ गाव आणि पूर्वापार आपण तिथलेच, असे घरात गृहीत धरले जाते. परंतु वडगाव मावळात आहे, पुण्याच्या हद्दीत आहे, कोल्हापूरकडे पेठ वडगाव आहे, आणि शोधू जाता आणखीही अनेक सापडतात. ‘कर’ लागलेले आडनाव कुळाच्या मूळस्थानाचा पुरावा मानता येईल का? आणि कुलकर्णी म्हणवणारे घराणे मध्येच वडगावकर का होईल? जाणकारांनी कृपया सांगावे.

दप्तरदार:

आपल्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे असतात. वडगावात आपले पूर्वज कुलकर्णी होते, कारण गावाचे हिशेब लिहिण्याचे वतन त्यांच्याकडे होते आणि त्या नावाशी हक्क व उत्पन्न जोडलेले होते. तेच घर दुसऱ्या गावी गेले की तिथे आधीपासून एक कुलकर्णी असतोच, त्यामुळे नव्याने आलेल्यांना ओळखण्यासाठी ‘वडगावकर कुलकर्णी’ किंवा नुसते ‘वडगावकर’ म्हटले जाते. म्हणजे हे आडनाव वडगावाने दिलेले नसून, वडगाव सोडून जिथे मुक्काम केला त्या गावाने दिलेले आहे. ते फार तर शेवटच्या, लोकांच्या लक्षात राहिलेल्या स्थलांतराची नोंद करते. त्याआधी कुळ कोठून आले हे त्यातून कळत नाही.

होळकरांचे उदाहरण पाहावे. मल्हारराव हे नीरेकाठच्या होळ गावच्या घराण्यातले. वडील वारल्यावर ते खानदेशात तळोद्याला मामाकडे गेले, आणि पुढे माळव्यात राज्य उभे राहिले. इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या सत्ता गाजवूनही हे घराणे इंदूरकर झाले नाही. मागे सुटलेले होळच नावात राहिले. भोसल्यांच्या बाबतीत उलटे घडले. आडनाव भोसले हेच राहिले, आणि शाखा ओळखण्यासाठी नागपूरकर भोसले, तंजावरकर भोसले असे विशेषण पुढे लागले. पटवर्धनांतही सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर ही अशीच विशेषणे आहेत, पण ती सोडलेल्या गावाची नसून सत्तेच्या ठिकाणाची आहेत. ‘कर’ हा प्रत्यय एकच असला, तरी त्याने केलेली ही दोन कामे वेगळी आहेत आणि ती एकत्र करू नयेत.

हे फिरते विशेषण कायमचे आडनाव कधी झाले, याचे उत्तर पुष्कळ घराण्यांच्या बाबतीत इंग्रजी अमलातील शाळा, पलटण, कचेरी आणि न्यायालय यांच्या नोंदवह्यांत सापडते. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पण 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. एकदा रजिस्टरात आले की पुढचे सगळे कागद त्याच नावाने निघतात. आपल्या आजोबांच्या दाखल्यातही बहुधा हेच घडले असावे.

अष्टागर:

दप्तरदारांच्या विवेचनात थोडी भर घालतो. आडनावावरून गाव जसे निःसंशय कळत नाही, तशी जात किंवा धर्मही कळत नाही, हे लोक फार सहज विसरतात. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल या मराठी भाषक यहुदी समाजात पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर अशी आडनावे आहेत. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या नावात अलिबागजवळचे किहीम आहे. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ विपुल आहे. एकाच गावातून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी कोणताही नातेसंबंध नसलेल्या घरांना परक्या गावी एकच नाव मिळणे अगदी स्वाभाविक होते. त्यामुळे ‘आडनाव एक म्हणजे भाऊबंद’ हा समज सोडून द्यावा.

शिवाय प्रत्येक ‘कर’च्या मागे गाव असतेच असेही नाही. भांडारकर या नावात भांडार आहे. याउलट, गावाचे नाव आडनावात शिरताना बदलते, तेव्हा गाव असूनही ओळखू येत नाही. सातारा गावाचे सातारकर होतात, साताराकर नव्हे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, पण ते स्थायिक होते अहमदाबादेत. मला सर्वांत उद्बोधक वाटते ती गोव्यातील मंगेशीची जोडी. त्या गावातील दीनानाथ गावाच्या, म्हणजे पर्यायाने देवाच्या नावावरून मंगेशकर झाले, तर त्याच देवळात अभिषेकाचे काम असलेले नवाथे अभिषेकी झाले. एकाच देवळाच्या परिसरातून एक आडनाव स्थळावरून आले आणि दुसरे कामावरून.

जिज्ञासू वडगावकर:

दोघांचेही आभार. आता मूळस्थानाचा हट्ट धरत नाही, पण निदान कोणते वडगाव सोडले ते कळावे, अशी इच्छा आहे. पणजोबांच्या एका मोडी कागदावर ‘मौजे वडगाव बु॥’ असे वाचले गेले आहे. यावरून काही निष्पन्न होईल का?

दप्तरदार:

निश्चित होईल, आणि ही खूण आडनावापेक्षा अधिक मोलाची आहे. ‘बु॥’ म्हणजे बुद्रुक. जोडगावांपैकी मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. आडनाव पडताना हे शेपूट नेहमी गळून पडते. वडगावबुद्रुककर असे आडनाव कोणी लावत नाही. त्यामुळे जी माहिती आडनावाने गमावली ती आपल्या कागदाने जपली आहे. त्याच कागदावर मौजेच्या, म्हणजे गावाच्या, पुढेमागे तर्फ, परगणा किंवा प्रांत हे त्याहून मोठे जुने महसुली विभाग लिहिलेले आहेत का, ते मोडी जाणणाऱ्याकडून पुन्हा वाचून घ्यावे. तो शब्द मिळाला तर प्रश्न जवळपास सुटलाच.

तो न मिळाल्यास, उरलेल्या प्रत्येक वडगाव बुद्रुकसाठी तहसील कचेरीतील जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मधील जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. तिथे आपल्या घराण्याचा शोध ‘वडगावकर’ या नावाने मुळीच घेऊ नये, ‘कुलकर्णी’ या नावानेच घ्यावा. वतनाला इनाम जमीन जोडलेली असेल, तर इनामांचे हक्क तपासणाऱ्या 1852 च्या इनाम कमिशनच्या चौकशीत तिची नोंद झालेली असण्याची शक्यता आहे, आणि तो भाग पुण्याच्या पुराभिलेखागारात तपासता येईल. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने रद्द झाली, तेव्हाच्या भरपाईच्या कागदांतही वारसांची नावे असतात. पण आपले घराणे तोवर वतनावर हक्क सांगत होते का, हे आधी पाहावे लागेल.

अष्टागर:

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थपुरोहितांच्या वह्याही विसरू नयेत. यात्रेला आलेल्या यजमानाचे नाव, गाव आणि पिढ्या त्यांत लिहून ठेवलेल्या असतात. तिथे जाताना मात्र दोन्ही आडनावे सांगावीत, कारण पणजोबांनी स्वतःला कुलकर्णी म्हणवले असेल आणि आजोबांनी त्याच पानाखाली वडगावकर अशी सही केली असेल.