चिंक्वे तेर्रेचे दगडी बांध जवळून पाहायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईबाबांना घेऊन इटलीतल्या चिंक्वे तेर्रेला जायचंय. रंगीत घरं आहेतच, पण मला खरी ओढ तिथल्या बांधांची. चुना-सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून समुद्रालगतच्या उभ्या डोंगरात द्राक्षमळ्यांसाठी पायऱ्या काढल्यात, त्याही शेकडो वर्षांपूर्वी! १९९७ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला. मळे ओस पडले की बांध ढासळतात, याचं फार वाईट वाटतं.

तिथल्या कोर्निल्या गावाला स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत. मानारोला गावाच्या वरचं वोलास्त्रा हे गाव कसं आहे? बसमधून उतरल्यावर बांधांपर्यंत सपाट वाट आहे का? बांध रचणारे कारागीर भेटले तर सोन्याहून पिवळं. कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.