१८४७ मध्ये अटलांटिक ओलांडताना माणसं जहाजातच इतकी काहून मेली?

धंतोलीचा मास्तर:
नमस्कार मंडळी. नववीच्या पोरांना एकोणिसाव्या शतकातलं स्थलांतर शिकवून राहिलो. आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, लाखो लोक अमेरिकेला गेले, एवढं सांगून मी पुढे चाललो होतो तर एका पोरीनं विचारलं, सर ते जहाजात झोपत कुठे होते, जेवत काय होते, अन् वाटेतच इतके काहून मेले, वादळ होतं का? आपल्या नागपूरच्या बऱ्याच पोरांनी समुद्रच पाहिला नाही, त्यांच्या डोळ्यासमोर उभं राहील असं सांगायचं आहे. कोणी वाचलं असेल तर सविस्तर लिहा, नुसते आकडे नको.

महालकर:
सर, वादळानं जहाजं बुडाली पण १८४७ ला बहुतेक माणसं मेली ती गर्दीनं अन् टायफसच्या तापानं. मूळ कारण धंद्यात आहे. कॅनडातून ब्रिटनला लाकूड आणणारी जहाजं परत जाताना रिकामी राहायची, ते मालकाला परवडत नव्हतं, म्हणून लाकडाच्या जागेत फळ्या ठोकून माणसं भरली. सहा फूट बाय सहा फुटाच्या एका फळीवर चार मोठी माणसं, त्याच्यावर तशीच दुसरी फळी. हवा यायची ती डेकवरच्या झाकणातून, अन् समुद्र खवळला की ते झाकणही बंद करायचे, मग खाली अंधारात उलट्या, बादल्या, आजारी माणसं, लेकरं सगळं एकत्रच. शिडाच्या जहाजाला पाच-सहा आठवडे लागत, वारा उलटा असला तर दहा-बारा.

टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवलं, म्हणजे त्या वेळी जहाजावर डॉक्टर असता तरी त्याला हे ठाऊक नसतं. आधीच उपाशी माणूस, महिनाभर तेच कपडे, एका अंथरुणात चौघं. व्हर्जिनियस नावाचं जहाज लिव्हरपूलहून ४७६ जण घेऊन निघालं, त्यातले १५८ पोचायच्या आधीच गेले. त्यात आयर्लंडातल्या रॉसकॉमनच्या डेनिस महोन या जमीनदाराची कुळं होती, भाडं त्यानंच भरलं होतं, कारण हिशोब करून पाहिला तर कुळांना गावात पोसण्यापेक्षा जहाजात बसवणं स्वस्त पडत होतं. मला तर या सगळ्यात हेच जास्त लागतं. क्वेबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीत ग्रोस ईल नावाचं बेट आहे, तिथं क्वारंटाइन होतं, तिथं त्या काळातली ५ हजारांवर आयरिश माणसं पुरली आहेत. पोरांना नकाशात ते बेट नक्की दाखवा सर.

सक्करदऱ्याची वाचक:
जेवणाचं मी सांगते. १८४२ च्या ब्रिटिश कायद्यानं मालकानं प्रत्येकाला आठवड्याला ७ पौंड धान्य द्यायचं होतं, म्हणजे ब्रेड, बिस्किट, पीठ, ओट नाही तर तांदूळ, अन् रोज साडेतीन लिटरहून थोडं कमी पाणी, त्यातच पिणं, रांधणं, धुणं सगळं. बाकी काही खायचं तर घरून बांधून न्यायचं. स्वयंपाक प्रत्येकानं आपला आपण करायचा, डेकवर चूल, तिच्यासाठी रांग, ज्याच्या अंगात जोर त्याचं भांडं आधी चढायचं. पाऊस आला की चूल विझली, मग कच्चं पीठच पाण्यात कालवून खायचे. पोरीला विचारा, आई आजारी पडली तर लहान भावाला कोण रांधून घालणार होतं त्या रांगेत? त्यावरून पोरांना लगेच कळेल.

अन् मास्तर, सगळीच जहाजं तशी नव्हती हेही सांगा. जीनी जॉन्स्टन नावाचं जहाज आयर्लंडच्या ट्रॅली भागातून १८४८ ते १८५५ मध्ये १६ वेळा गेलं, साधारण अडीच हजार माणसं नेली, एकही मेला नाही. तोच समुद्र, तेच गरीब लोक, पण बरोबर डॉक्टर होता, अंथरुणं वर आणून हवेशीर करायचे अन् माणसं बेतानं भरायचे. म्हणजे करता येत होतं, म्हणून बाकीच्यांना माफी नाही असं मला वाटते.

इतवारी एक्सप्रेस:
पुढे वाफेची जहाजं आली, प्रवास दोन आठवड्यांच्या आत आला, आजार वाढायला तेवढा वेळच राहिला नाही, बराच फरक त्यानंच पडला. पण वाफेच्या जहाजातही धोके होते. १८५८ मध्ये हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला चाललेलं ऑस्ट्रिया जहाज भर समुद्रात जळालं, अन् आग कशानं लागली तर खालची जागा शुद्ध करायला डांबराचा धूर करत होते त्यातून. चारशेच्या वर माणसं गेली.

धंतोलीचा मास्तर:
खूप आभार सगळ्यांचे. ताई, तुमचा रांगेचा प्रश्न तसाच विचारतो वर्गात. अजून एक, आपल्याकडचे लोक अटलांटिक ओलांडून गेले का कोणी?

महालकर:
गेले नं सर. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते. १८३८ ला व्हिटबी अन् हेस्परस ही जहाजं कलकत्त्याहून दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाला गेली, त्यात छोटा नागपूरचे आदिवासी पुष्कळ होते, म्हणजे आताच्या झारखंडातले, पोरं आपलं नागपूर समजतील म्हणून आधीच सांगून ठेवा. आफ्रिकेला वळसा घालून जायचं, वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची, केपची थंडी, सेंट हेलेना बेटावर पाणी भरायचं, तीन-साडेतीन महिने. जेवणात भात-डाळ. पुढे या जहाजांवर सरकारी डॉक्टर सक्तीचा झाला अन् त्याला पैसे मिळायचे ते जिवंत उतरलेल्या माणसामागे. असेच मजूर घेऊन फतेल रझाक जहाज १८४५ ला त्रिनिदाद बेटाला ३० मे रोजी पोचलं, त्या तारखेला तिथं आजही सुट्टी असते. करारावर गेलेल्या त्या लोकांना पाच वर्षं मळ्यावर राबायचं होतं, आयरिश लोकांना उतरल्यावर निदान पाहिजे तिकडे जाता येत होतं, हा फरक वर्गात सांगाच.